प्रश्नांची पेटी आणि माटोळी

गोव्यातल्या आमच्या गावच्या देवस्थानात मुलांसाठी रविवारचा धर्मवर्ग काढायचा यावरून कुळाव्यांत, म्हणजे देवस्थानाच्या भक्त घराण्यांत, दोन महिने वाद चालला आहे. काहींना अथर्वशीर्ष आणि रामरक्षा पाठ करून घ्यायची आहे. अर्थ मागाहून कळतो म्हणे. काहींचे म्हणणे, लहान पोरांवर काही लादूच नका. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत आहे: "अमेरिकेत पोरांना मोकळे सोडतात, म्हणून ती कुठलीच राहत नाहीत." मी अमेरिकेतच राहतो, हे वाक्य वाचले की माझे डोके फिरते.

इथल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळ्यांत एकच एक मत मानण्याची सक्ती नसते. दोन जुने उदारमतवादी पंथ १९६१ साली एकत्र आले, त्यातून हा संप्रदाय झाला. पण मुलांचे वर्ग ढिले नसतात. वर्गावर नेहमी दोन मोठी माणसे. एकट्या माणसाच्या ताब्यात मुले दिली जात नाहीत. मोठी मुले मशिदीत, गुरुद्वारात, सिनेगॉगमध्ये जातात, ती आधी तिथले नियम शिकून. परतल्यावर त्यावर बोलणे झालेच पाहिजे. ते राहिले तर नुसती सहल होते.

सातवी ते नववीच्या मुलांना लैंगिक शिक्षण दिले जाते, तेही देवळातच म्हणा ना. त्याआधी आईबापांना बोलावून सगळे साहित्य दाखवतात, त्यांची सही घेतात. शिकवणारे दोघे, प्रशिक्षण घेतलेले. सत्राच्या शेवटी प्रत्येकाला एकसारखे कार्ड, एकसारखे पेन. ज्याला विचारायचे नाही त्यानेही "प्रश्न नाही" असे लिहून कार्ड पेटीत टाकायचेच. सगळ्यांची पेने एकाच वेळी हलतात, म्हणून विचारणारा कोण ते कळत नाही. उत्तरे पुढच्या सत्रात. तिथल्या तिथे उत्तर द्यायला गेले की शिकवणारा घाईत चुकतो आणि पोरे एकमेकांची तोंडे न्याहाळू लागतात.

मग क्रेडो, म्हणजे आपण काय मानतो याचे स्वतः लिहिलेले निवेदन. मुलाला आईबाप सोडून मंडळीतलीच एक मोठी व्यक्ती जोडून देतात, वर्षभर भेटी होतात आणि शेवटी "मी काय मानतो" हे सगळ्यांसमोर उभे राहून वाचायचे. ते बिघडण्याच्या वाटाही ठरलेल्या. आई भाषा सुधारायला बसते आणि चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडी चाळीशीची वाक्ये येतात. नाहीतर नुसती नकारांची यादी होते: देव नाही, नरक नाही. अशा वेळी चांगला जोडीदार एवढेच विचारतो, "मग तू कशासाठी भांडशील?"

हे परदेशी खूळ आहे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. प्रार्थना समाज १८६७ चा. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्म शिकायला गेले ते युनिटेरियनांच्याच मदतीने. आणि गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म शोधत घराबाहेर पडले तेव्हा त्यांना कोणी "मोकळे सोडले" नव्हते.

खोट इथेही आहे, ती मी झाकणार नाही. ही मुले प्रश्न नेमका विचारतात, पण दुःखाच्या वेळी आपोआप ओठांवर याव्यात अशा चार ओळी त्यांच्यापाशी नसतात. गावात सात वर्षांचा पोरगा घुमट या मातीच्या वाद्यावर आरतीचा ताल धरतो. चवथीच्या आधी मोठ्यांबरोबर रानात जाऊन कांगलां, घागऱ्या अशी रानफळे आणतो, केवणीच्या सालीच्या दोराने माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीला, बांधतो. कुठले फळ कुठल्या झुडपाला, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. हाही धर्मवर्गच. रामरक्षेवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी तो मोजलेलाच नाही. इथल्या मंडळीत मला मान मिळतो, पण माझे हात तो दोर शोधत राहतात, आणि माझी मुले ते फळ ओळखत नाहीत.

तरी एक गोष्ट सलते. इथे मंडळीच्या वहीत मुलगी स्वतःच्या हाताने नाव लिहिते, लिहायचे नसले तर लिहीत नाही. आपल्याकडे देवस्थानांचा कारभार अजून पोर्तुगीज काळातल्या, १९३३ च्या नियमावलीच्या चौकटीत चालतो आणि बहुतेक ठिकाणी महाजनकी, म्हणजे देवस्थानाच्या कारभारातला हक्क, बापाकडून मुलाकडे जाते. रविवारच्या वर्गाला मुलीच जास्त येतील, वर्गाची सतरंजी त्याच झाडतील. महाजनांच्या सभेत त्यांना कुठे बसवणार, हे वर्ग सुरू होण्याआधी ठरवा. कार्डांचा आणि पेनांचा खर्च मी पाठवतो.