मांजराला दही-भातावर ठेवायला सांगणारा मेसेज

नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने घरातल्या मांजरीची मांदेली बंद केली आणि तिला दही-भात सुरू केला. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. त्याचं म्हणणं असं: सगळ्या सस्तन प्राण्यांच्या पोटातले जिवाणू सारखेच, २१ दिवस शाकाहार दिला की जिवाणू बदलतात आणि पोट कायमचं शाकाहारी होतं, पांडा आणि गाय हा त्याचा पुरावा, म्हणून कुत्र्या-मांजरांना मांस-मासळी लागतच नाही.

स्वतः शाकाहारी राहणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही. पण मुक्या जनावरावर हा प्रयोग करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते मांस आणि मासळीत असतं, डाळ-तांदळात जवळजवळ नसतंच. आपलं शरीर ते थोडंफार तयार करतं. मांजराच्या यकृताला ते पुरेसं जमत नाही. वर मांजराचं पित्त टॉरिनवरच चालतं, त्यामुळे टॉरिन रोज थोडं थोडं बाहेर जातच राहतं. आणि ज्या जिवाणूंच्या भरवशावर हा मेसेज उभा आहे, ते मांजराला टॉरिन पुरवत तर नाहीतच, उलट आतड्यात आलेलं टॉरिन तेच फोडून टाकतात! टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून कमकुवत होतं. हृदयाच्या या आजाराचा टॉरिनशी संबंध १९८७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेळेत टॉरिन दिलं तर हृदय बरंचसं सावरतं, गेलेली नजर मात्र परत येत नाही. गाजर घालूनही भागत नाही, कारण गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमत नाही. दही-भात खाऊन मांजर महिनोन्‌महिने धडधाकट दिसतं, आणि लोकांना वाटतं मेसेज खरा ठरला.

‘जिवाणू सारखेच’ हेही खोटं. रूथ ले आणि जेफ्री गॉर्डन या संशोधकांच्या गटाने २००८ मध्ये ६० जातींच्या सस्तन प्राण्यांची विष्ठा तपासली. मांसाहारींमध्ये जिवाणूंची विविधता सर्वांत कमी, मिश्राहारींत त्याहून जास्त, शाकाहारींत सर्वांत जास्त निघाली. माणूस मिश्राहारींत बसला. आणि पांडा? पिढ्यान्‌पिढ्या बांबू खाऊनही त्याचे जिवाणू मांसाहारी नातेवाइकांच्याच गटात निघाले. खाल्लेल्या बांबूपैकी जेमतेम १७ टक्के त्याला पचतो, म्हणून बिचारा दिवसातले १४-१४ तास चघळत बसतो. पुरावा म्हणून दिलेला प्राणीच मेसेजच्या विरोधात साक्ष देतो.

गाईचं गणित तर वेगळंच. तिच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि मग पुढच्या कप्प्यांत ते स्वतःच पचले जातात. गाईला बरीचशी प्रथिनं अशी मिळतात. येऊरच्या जंगलातल्या वानरांचं पोटही पानं आंबवायला असंच कप्प्याकप्प्यांचं असतं. त्याच जंगलातल्या बिबट्याकडे ही सोय नाही, आपल्याकडेही नाही. आपले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात, म्हणजे अन्न शोषून झाल्यावरच्या टप्प्यात राहतात. तिथे त्यांनी बनवलेलं बी-१२ आपल्या अंगी न लागता बाहेर पडतं.

कुत्र्याबद्दल थोडं मान्य करायला हवं. माणसाच्या सोबतीने राहून त्याला पिष्ट पचवणारी जनुकं लांडग्यापेक्षा जास्त मिळाली आहेत, पोळी त्याला पचते. पण ती हजारो वर्षांची कमाई आहे, २१ दिवसांची नाही.

आहाराने जिवाणू बदलतात, हेही खरं, आणि २१ दिवसांपेक्षा कितीतरी लवकर बदलतात. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात काही माणसांना पाच दिवस फक्त प्राणिज पदार्थ दिले, तर एक-दोन दिवसांतच जिवाणूंची घडण बदलली. मेसेजमधल्या ‘कायमचं’ या शब्दाचं मात्र काय झालं? नेहमीचं जेवण सुरू केल्यावर दोन दिवसांत ते जिवाणू पूर्वपदावर आले.