एकदा दिलेला पासवर्ड पुन्हा पुन्हा का?

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याची संगणकव्यवस्था मी सांभाळतो आणि रोज सकाळी नवाच्या ठोक्याला ‘साहेब, फोल्डर परत पासवर्ड मागतोय’ हे ऐकून माझे डोके उठले आहे. संगणक सुरू करताना एकदा पासवर्ड दिला की केर्बरॉस या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेने दिलेल्या तिकिटावर, म्हणजे डिजिटल परवान्यावर, डिझाइनचे, बिलांचे, निर्यातीचे सगळे सामायिक फोल्डर उघडावेत, एवढ्यासाठी मी दोन रविवार घालवले. मग त्या सोयीच्या मुळावरच घाव का घालता?

संगणकाच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारले जाते, हे किती वेळा सांगायचे? तरी गोदामातल्या संगणकाच्या मदरबोर्डवरची, यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी बदलायला मंजुरी मिळत नाही आणि ते यंत्र रोज जुनीच तारीख दाखवत सुरू होते.

त्याहून संताप येतो तो शॉर्टकटचा. तिकीट सर्व्हरच्या, म्हणजे फोल्डर ठेवलेल्या मुख्य संगणकाच्या, नावावर निघते. पण कोणीतरी नावाऐवजी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, घालून शॉर्टकट करतो, विंडोज मुकाट्याने एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळते आणि तो मार्ग मी सुरक्षेसाठी बंद केलेला असल्याने पासवर्डची चौकट समोर येते. मग पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून तो लिहून ठेवायचा! काल लेखा विभागात मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, तीवर निळ्या शाईत पासवर्ड आणि खाली फोल्डरचा पत्ता. तो फोल्डर पगाराचा आहे.