दाद कोणी मागावी? निवड न झालेल्यांना हिताच्या चार गोष्टी

सरकारी नोकरीच्या निवड यादीत आपले नाव नाही आणि ज्याचे आहे त्याच्यापेक्षा आपण सरस होतो, असे तुमच्या लक्षात आले असेल तर सर्वप्रथम तुमचे अभिनंदन. तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘व्यथित व्यक्ती’, म्हणजे दाद मागण्याचा हक्क असलेला माणूस, ठरण्याच्या मार्गावर आहात. मात्र लगेच हुरळून जाऊ नका. नुसते दुःख झाले म्हणून कोणी व्यथित होत नसतो. ती पात्रता सिद्ध करावी लागते, आणि ही परीक्षा मूळ परीक्षेपेक्षा अवघड असून तिची उत्तरतालिका कधीच प्रसिद्ध होत नाही.

तेव्हा आधी हे पाहा की तुम्ही अर्ज भरला होता का. पात्रतेची अट कोणाच्या तरी मापाने शिवलेली आहे हे जाहिरात वाचताच ओळखून तुम्ही संतापाने अर्जच भरला नसेल, तर त्या भरतीशी तुमचा काय संबंध, हा प्रश्न पहिल्याच तारखेला विचारला जाईल. भाचीच्या वतीने धावपळ करणारे मामा, गावातले जागरूक शिक्षक आणि भरती स्वच्छ व्हावी एवढीच इच्छा असणारे नागरिक यांनी तर बाहेरूनच नमस्कार करून परतावे, कारण सरकारी नोकऱ्यांचे वाद ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणाला तिऱ्हाइताची जनहित याचिका ऐकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1998 सालीच सांगून ठेवले आहे. पद जनतेचे, पगार जनतेच्या पैशातून. तक्रार तेवढी खासगी असावी लागते.

अर्ज भरला असेल तर वेळ साधा. परीक्षेपूर्वी न्यायाधिकरणात गेलात तर तुमचे अद्याप काहीच बिघडलेले नाही, सबब तक्रार अकाली आहे. मुलाखतीनंतर गेलात तर मुलाखत मंडळासमोर मुकाट बसलात, निकाल विरुद्ध गेल्यावर मात्र प्रक्रिया सदोष दिसू लागली, असे कसे चालेल? या अर्थाचा निकाल 1995 सालचा आहे आणि सरकारी वकिलांना तो तोंडपाठ असतो. उघड बेकायदेशीरपणा असेल तर केवळ भाग घेतला म्हणून उमेदवाराचे तोंड बंद होत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली म्हटले आहे. पण तो निकाल तुमच्या वकिलांनी शोधून आणायचा असतो. थोडक्यात, दाद मागण्याचा योग्य क्षण मुलाखतीच्या खोलीबाहेर शिपायाने तुमचे नाव पुकारले आणि तुम्ही खुर्चीवरून उठलात, त्यांच्या मधला आहे. तो चुकवू नका.

आता कोठे जायचे ते पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद 323क नुसार 1985 साली कायदा झाला आणि त्याखाली 1991 साली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपले ‘मॅट’, सुरू झाले. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे त्याची पीठे आहेत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षे घालवलेल्यांनी पहाटेची गाडी धरून मुंबई गाठावी. पण त्याआधी आपण कोणत्या पदावरून नाकारले गेलो हे नीट तपासावे. तलाठी हा राज्य शासनाचा कर्मचारी, म्हणून त्याच्या भरतीची तक्रार मॅटपुढे. ग्रामसेवक त्याच गावात बसतो, बहुधा त्याच टपरीवर चहा पितो, पण तो जिल्हा परिषदेचा, म्हणून त्याच्या भरतीसाठी उच्च न्यायालय. (दोघांची पदनामे अलीकडे भारदस्त झाली आहेत; वाटा मात्र वेगळ्याच राहिल्या.) न्यायालयांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आणि विधिमंडळ सचिवालयाला तर या कायद्याने आधीच वगळून ठेवले आहे, कारण घरचे भांडण चव्हाट्यावर आणू नये हा संस्कार आपल्याकडे जुना आहे.

तक्रारीचा विषय काय असावा, हेही महत्त्वाचे. 2023 च्या तलाठी भरतीत अनेक सत्रांत परीक्षा झाल्याने गुणांचे सामान्यीकरण, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांचे गुण सूत्राने एका पातळीवर आणणे, करण्यात आले आणि 200 गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला 214 गुण मिळाल्याचे दिसले. अशा वेळी गणिताचा आग्रह धरू नका. दोनशेपैकी दोनशे चौदा ही चूक नसून सूत्र आहे, आणि सूत्र तज्ज्ञांचे असते. उत्तरतालिकेचेही तसेच आहे: पाठ्यपुस्तकात काहीही छापलेले असो, शंका असेल तेथे लाभ उमेदवाराला नव्हे, तर परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, असे 2018 सालच्या एका निकालात सांगितले आहे.

एवढे झाल्यावरही थेट न्यायाधिकरणात जाण्याचा उतावळेपणा नको. सामान्यतः आधी विभागातले उपाय संपवावे लागतात, म्हणजे ज्यांनी निवड केली त्यांच्याकडेच निवेदन द्यावे लागते. हा प्रसंग मन लावून अनुभवण्यासारखा आहे. टपाल शाखेच्या खिडकीशी प्लास्टिकच्या फोल्डरमधून निवेदनाच्या दोन प्रती काढाव्यात. आतले भाऊसाहेब विषयाची ओळ वाचतील, मग तुमच्याकडे पाहतील, मग पुन्हा विषयाची ओळ वाचतील, आणि “हे आमच्याकडे नाही, आस्थापना शाखेत द्या” असे सांगतील. आस्थापना शाखा पुन्हा टपाल शाखेकडे पाठवील. अखेर जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटे जांभळ्या शाईचा शिक्का तुमच्या प्रतीवर असा काही उमटेल की महिना वाचता येईल, तारीख येणार नाही. ही पोच जिवापाड जपावी. निवेदनावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर पुढच्या एका वर्षात तुम्हाला मॅटमध्ये जाता येते. मधल्या काळात विभागाला स्मरणपत्रे जरूर पाठवा. त्यांनी मुदत वाढत नाही, पण टपाल खात्याचे उत्पन्न वाढते.

मॅटमध्ये ‘मूळ अर्ज’, म्हणजे तुमची तक्रार, दाखल करताना ज्यांची निवड झाली त्यांना प्रतिवादी करायला विसरू नका. त्यांच्या पाठीमागे त्यांच्या नोकऱ्यांचा निर्णय होऊ शकत नाही, हे न्यायाला धरूनच आहे. फक्त त्यांचे पत्ते तुम्ही मिळवायचे. यादीत आडनाव, नाव आणि बैठक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माणूस आज कोणत्या तालुक्यात रुजू झाला आहे ते माहिती अधिकारात विचारावे, म्हणजे ही माहिती व्यक्तिगत असल्याचे कळवण्यात येईल. त्यांच्या नियुक्तिपत्रांवर ‘अंतिम निकालाच्या अधीन राहून’ अशी ओळ टाकली गेली तर तो आपला विजय मानावा. त्या ओळीखाली लोक लग्न करतात, घरासाठी कर्ज काढतात आणि परिवीक्षा (प्रोबेशन) पूर्ण करतात.

यादीत नाव असूनही नियुक्ती न मिळालेल्यांनी हसू नये. निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा हक्क मिळत नाही, हे 1991 साली घटनापीठाने ठरवले आहे. शासनाने मनमानी करू नये असेही त्यात आहे, पण तेवढे शासन वाचत नाही.

आणि समजा, तुम्ही जिंकलात. मग खरा दाद मागणारा पुढे येतो: 1997 सालच्या निकालापासून न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जाता येते आणि तेथे शासन जाते. शासनाला वयोमर्यादा नाही, वकिलाची फी खिशातून द्यायची नाही आणि घरून रोज फोन येत नाही. तुम्हाला खुल्या प्रवर्गात 38 आणि मागास प्रवर्गात 43 वर्षे दिलेली आहेत.

अर्थात बहुतेकांवर ही पाळी येत नाही. गुणदोषांत न शिरता, अर्जदाराच्या निवेदनावर सक्षम प्राधिकाऱ्याने ठरावीक आठवड्यांत निर्णय घ्यावा, असा आदेश होतो आणि प्रकरण निकाली निघते. त्याची प्रमाणित प्रत घेऊन त्याच खिडकीशी जावे. भाऊसाहेब निवृत्त झालेले असतील. त्यांच्या खुर्चीवर नव्या भरतीतला तरुण असेल, कदाचित तुमचा प्रतिवादी क्रमांक सात. तो अदबीने विचारील, “सर, मूळ निवेदनाची पोच आहे का? हिच्यावरची तारीख वाचता येत नाही.”