घोडेस्वाराचं ते चित्र रणांगणावर काढलेलं नाही

इटालियन चित्रकार जोवान्नी फात्तोरीचं घोडेस्वार शिपायाचं एक काळं-पांढरं चित्र सध्या फिरतंय. सोबतची ओळ अशी: ‘१८५९च्या माजेंता लढाईत तोफा धडाडत असताना चित्रकाराने पेनाने काढलेलं, जगातलं एकमेव.’ चित्रकाराचं नाव तेवढं बरोबर आहे.

हे पेनाचं काम नाही, एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्या मेणात चित्र खरवडायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या रेघा खाल्ल्या जातात, त्यांत शाई भरून दाबयंत्राखाली ओला कागद. कागदावर चित्राभोवती पत्र्याची चौकोनी खाच उमटते, बोटालाही लागते. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, तेव्हा ‘एकमेव’चा प्रश्नच मिटला. छाप आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा येतो. तलवार उजव्या कमरेला दिसली तर शिपायाला डावखुरा ठरवू नका!

शिवाय फात्तोरी एचिंगकडे वळला तो १८८०च्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर. १८५९मध्ये तो फ्लॉरेन्सला होता. तिथल्या कास्चिने बागेत तळ ठोकलेल्या फ्रेंच सैनिकांची रेखाटनं त्याने केली. माजेंतावरचं त्याचं मोठं तैलचित्रही लढाईनंतरच्या छावणीचं आहे, जखमींना घेऊन येणाऱ्या गाडीचं. धडाडत्या तोफा त्यातही नाहीत.