सव्वा किलोची अडचण

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनची मॉडेल 686 आहे, .357 मॅग्नम जातीच्या काडतुसाची, सहा घरांची (म्हणजे एका वेळी सहा गोळ्या मावणारी), चार इंची नळीची, स्टेनलेस स्टीलची रिव्हॉल्व्हर. रिकामी असताना चाळीस औंस, म्हणजे अकराशे ग्रॅमच्या थोडं वर, आणि गोळ्या भरल्या की सव्वा किलो. हे वजन हातात असतं तेव्हा फार छान वाटतं. कमरेला असतं तेव्हा पॅन्ट खाली आणि ब्लड प्रेशर वर जातं. टेक्सासमध्ये जुलै-ऑगस्टला पारा शंभर फॅरेनहाइटच्या पुढे असतो, अख्खं राज्य टी-शर्ट-शॉर्ट्समध्ये फिरतं, आणि मी एकटा वरून ढगळा शर्ट घालून, एका बाजूला किंचित कललेला. ओळखीचे लोक विचारतात, "काय रे, कंबर धरलीय का?" हो म्हणतो. खोटं नसतं तसं ते.

तर प्रश्न असा की ही विकून एखादी छोटी, खिशात मावणारी बंदूक घ्यावी का. गेलं अख्खं वर्ष हाच प्रश्न डोक्यात आहे. ह्याच काळात आम्ही घराचं कर्ज रिफायनान्स करायचा निर्णय एका संध्याकाळी, चहा गार व्हायच्या आत घेतला होता हे बायको वारंवार सांगते.

ज्यांना ह्या प्रकरणाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे 2021 च्या सप्टेंबरपासून परवाना नसला तरी एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला हँडगन जवळ बाळगता येते. माझा परवाना त्याच्या आधीचा आहे. त्यासाठी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पन्नास गोळ्यांची परीक्षा असते, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर मार्क मिळाले की पास. मी ह्याच 686 वर दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झालो. इंजिनिअरिंगला एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, काय झालं होतं ते बघता हा माझ्या शैक्षणिक आयुष्यातला उच्चांक म्हणायला हरकत नाही. अशी बंदूक विकायची म्हणजे जिवावर येतं हो.

आणि ती आहेच तशी. सिलिंडर, म्हणजे गोळ्यांच्या घरांचा फिरता भाग, बाहेर काढला की आत फ्रेमवर मॉडेल नंबर कोरलेला दिसतो, माझ्यावर "686-4" आहे, म्हणजे नव्वदच्या दशकातली. 2001 पासून कंपनीने फ्रेमच्या डाव्या बाजूला, सिलिंडर उघडायच्या बटणाच्या वर, किल्लीने बंद करायच्या कुलपाचं एक बारीकसं भोक पाडायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून जुन्या लोकांनी त्या भोकाच्या नावाने जो शिमगा चालवलाय तो अजून संपलेला नाही. माझ्या बंदुकीला भोक नाही. हे मी लग्नकार्यातसुद्धा दोन-तीन जणांना सांगून झालंय, कोणाला काही पडलेली नसते. हॅमर मागे ओढून मारली तर ट्रिगर इतका हलका की गोळी आपण झाडली का तिला स्वतःलाच जायचं होतं तेच कळत नाही. शिवाय .357 वाल्यात .38 स्पेशल पण चालते, उलटं चालत नाही कारण .357 च्या काडतुसाचं पितळी कवच साधारण इंचाच्या आठव्या भागाने लांब असतं, म्हणजे स्वस्तातली मवाळ गोळी घालून दुपारभर खेळत बसा.

पण न्यायची कुठे? हा खरा मुद्दा. ऑफिसात बंदी (गाडीत कुलूप लावून ठेवलेली चालते, 2011 पासून तसा कायदाच आहे), मुलीच्या शाळेत बंदी, पोस्टात बंदी, मतदान केंद्रात बंदी, एअरपोर्टच्या चेकिंगपलीकडे बंदी, आणि ज्या ठिकाणचं निम्म्याहून जास्त उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येतं तिथे दारावर लाल अक्षरात 51% लिहिलेलं असतं, तिथेही बंदी. उरलेल्या दुकानदारांना नको असेल तर ते पाटी लावतात, 30.06 नाहीतर 30.07 कलमाची, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंच, असं कायद्यातच लिहिलंय. एवढी मोठी पाटी मी वाचत उभा राहतो आणि बायको तोवर आत जाऊन कढीपत्ता घेऊन बाहेरही आलेली असते.

म्हणून सगळे जाणकार म्हणतात छोटी घे. मग रेंजवर भाड्याने घेऊन बघितल्या. सिग सॉअरची P365, 2018 ला आली, तळहाताएवढ्या पिस्तुलात नऊ मिलिमीटरच्या दहा गोळ्या मावतात, वजन पाचशे ग्रॅम. अतिशय हुशार वस्तू. काही म्हणता काही खोट काढता येत नाही आणि म्हणूनच आवडली नाही. दुसरी स्मिथचीच 642, पाच घरांची, ॲल्युमिनियमची फ्रेम, जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम, हॅमर आत लपवलेला म्हणजे खिशातून काढताना अडकत नाही. ह्या जातीची पहिली 1950 ला पोलीसप्रमुखांच्या परिषदेत दाखवली होती आणि नावही त्यांनीच मतदानाने ठेवलं, चीफ्स स्पेशल. खिशात घातली, आहे की नाही कळेना. वा म्हटलं, हीच!

मग ती उडवली. न्यूटनचा तिसरा नियम आम्ही शाळेत नुसता पाठ केला होता, समजला त्या दिवशी. गोळी तेवढाच धक्का देते, पण तो सोसायला 686 मध्ये सव्वा किलो पोलाद आहे आणि इथे फक्त माझा अंगठा. पाचही गोळ्या संपेपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी लाल, आणि समोरचा कागद बघितला तर सात यार्डांवर भाकरीएवढं खिंडार, त्यातली एक गोळी शेजारच्या लेनवाल्याच्या कागदाला विचारून आलेली असावी. शेजारचे आजोबा, ऐंशीच्या घरातले, कानावरचं काढून म्हणाले की ही बंदूक बाळगायची असते, मारायची नसते. असली आध्यात्मिक वाक्यं टेक्सासमध्ये फुकट मिळतात.

तरी पण म्हटलं आधी 686 चा भाव तर काढू. एका दुकानात नेली, काउंटरवरच्या माणसाने सिलिंडर उघडला, नंबर वाचला, भोक नाही हे बघून त्याचे डोळे चमकले (मी बघितले ना!), आणि मग चेहरा पाडून त्याच्या शोकेसमध्ये तशीच जी ठेवली होती तिच्या बरोबर निम्मा आकडा सांगितला. मी तिकडे बोट दाखवलं तर म्हणतो ती वेगळी. काय वेगळी? तर ती दुकानाची आहे. वर सल्ला, विकतोस कशाला, बार्बेक्यू गन म्हणून ठेव. इथे ती एक पद्धत आहे, रविवारी अंगणात मांस भाजायला मित्र जमले की आपली सगळ्यात देखणी बंदूक कमरेला लावून मिरवायची. आमच्याकडे बार्बेक्यूला पनीर आणि मक्याची कणसं असतात. त्यांच्या शेजारी .357 मॅग्नम जरा जास्तच वाटते.

खाजगीत विकता येते, एकाच राज्यातल्या दोघांना मधे दुकान लागत नाही, पण अनोळखी माणसाला पार्किंगमध्ये भेटून बंदूक द्यायची हे माझ्या मध्यमवर्गीय पोटाला झेपत नाही, मी तर जुना सोफा विकतानासुद्धा शेजाऱ्याला सोबत उभा केला होता. ऑफिसातला एक मित्र म्हणाला मी घेतो, लगेच पैसे देतो. तो एच-वन-बीवर. त्या व्हिसावर बंदूक घ्यायला मनाई, आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग बघता तोवर बंदुकीला पन्नास वर्षं होऊन ती कायद्याने क्युरिओ आणि रेलिक, म्हणजे संग्राहकांची जुनी वस्तू, ठरेल. एक पळवाट आहे, शिकारीचं लायसन्स काढलं तर एच-वनवाल्यालाही चालतं. पण हा माणूस एकादशी करतो, अंड्याचा केक खात नाही. शिकार करणार कसली, मेथीची?

इतक्यात आई आली, सहा महिन्यांसाठी, साताऱ्याहून. तिला पहिल्यापासून हे असलं घरात आहे हेच पसंत नव्हतं, तिजोरीत पासपोर्ट आणि सुनेच्या पाटल्यांच्या शेजारी ही कशाला म्हणायची. म्हटलं चला, ही तरी एक माझ्या बाजूने, विका म्हणेल. पण खंडेनवमीला तिने पाटावर सगळं मांडलं, कात्री, विळी (ती सामानातून आणली होती, कस्टमवाल्याने कशी सोडली देव जाणे), माझा ड्रिल, लॅपटॉप, आणि म्हणाली, "आण ती तुझी." मी दोनदा तपासून रिकामी करून ठेवली. तिने हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या. पुढे रेंजवर जायच्या आधी सिलिंडर फिरवायला गेलो तर फिरेना, सिलिंडर आणि त्याच्या मागच्या फ्रेमच्या फटीत तांदळाचा दाणा. टूथपिकने काढला. कुंकू मात्र ग्रिपच्या कडेला बसलंय ते बसलंयच. आईला म्हटलं विकायचा विचार आहे, तर म्हणाली, "पूजलेलं हत्यार विकतोस? आजोबांनी बैल विकला होता तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते." आता बैलाला आणि 686 ला एकाच न्यायाने कसं तोलायचं, पण आईशी वाद घालायला ताकद लागते आणि माझी सगळी सव्वा किलोत गेलेली.

शेवटी बायकोला घेऊन गेलो रेंजवर, निःपक्षपाती मत म्हणून. 642 तिने एकदाच उडवली, खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरी गोळी मारायचा आग्रह केला नाही. मग 686, मवाळ .38 घालून. सहा गोळ्या, सावकाश, एकेक. कागद जवळ आणला, सगळं एकाच जागी. काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता विचारलं, "ही आपण लग्नानंतर घेतली ना?"

"हो."

"टेक्सास कम्युनिटी प्रॉपर्टीवालं राज्य आहे. लग्नानंतर घेतलेलं दोघांचं. मग सहापैकी तीन घरं माझी. माझी मला विकायची नाहीत, तुझी तीन तू वीक."

ह्यावर वकिलालाही काही सुचलं नसतं. तेव्हा 686 राहिली, रेंजसाठी आणि खंडेनवमीसाठी. 642 पण आली, पैसे कुठून तर अंगणातला पेलेट ग्रिल विकला. म्हणजे बार्बेक्यू गन घरात आहे आणि बार्बेक्यू गेला. नव्या बंदुकीचा डबा जेवणाच्या टेबलावर उघडला तेव्हा बायकोने चष्मा लावून आत बघितलं.

"ह्यात किती घरं?"

"पाच."

"मग तीन माझी, दोन तुझी," ती म्हणाली, आणि आईंना विचारायला गेली की हिला पण कुंकू लावायचं का.