तिकीट भरलंत म्हणजे गुन्हा कबूल केलात, हे आधी कोण सांगणार?

न्यू जर्सीत वाहतुकीचं तिकीट भरायला दोन मिनिटं पुरतात. एनजेएमसी डायरेक्ट ही म्युनिसिपल कोर्टांची पैसे भरायची वेबसाइट उघडा, कोर्टाचा आयडी, तिकिटाचा प्रीफिक्स, तिकीट नंबर आणि गाडीचा नंबर टाका, कार्ड लावा, झालं. त्या दोन मिनिटांत तुम्ही नुसता दंड भरलेला नसतो, गुन्हा कबूल केलेला असतो. आता लायसन्सच्या रेकॉर्डवर गुन्ह्याचे पॉइंट लागणार, त्यांची बेरीज वाढली तर सरचार्ज, म्हणजे दंडाहून वेगळी आकारणी, येणार, इन्शुरन्स महागणार. तिकिटावर काय असतं? एक कलम. उदाहरणार्थ ३९:४-९८, म्हणजे वेगमर्यादा मोडली. पॉइंट किती, ते नाही. ज्या एका आकड्यावर माणसानं भरायचं की लढायचं हे ठरवायला हवं, तोच आकडा त्याच्या हातातल्या कागदावर नाही. ही चीड आणणारी गोष्ट आहे आणि दर वर्षी नवी माणसं यात अडकतात.

वेगाचंच घ्या. मर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ असेल तर ४, आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५. म्हणजे ६५च्या रस्त्यावर ७९ला पकडलं तर २ आणि ८०ला पकडलं तर ४. एका मैलानं पॉइंट दुप्पट! त्यामुळे तिकिटावर पोलिसानं लिहिलेला वेग आणि तिथली मर्यादा आधी वाचा, दंडाची रक्कम नंतर बघा. स्टॉप साइन किंवा लाल सिग्नल मोडला तर २. केअरलेस, म्हणजे निष्काळजी, ड्रायव्हिंग २, रेकलेस, म्हणजे बेदरकार, ५. पुढच्या गाडीला चिकटून चालवलं तरी ५, म्हणजे रेकलेसइतकेच, आणि हे ऐकून निम्म्या लोकांना धक्का बसतो. मुलं चढत-उतरत असलेल्या स्कूल बसला ओलांडलं तरी ५, आणि तिथे एकही पॉइंट कमी असू नये असं माझं ठाम मत आहे.

आता तिकिटाचा कागद हरवला तर ते शोधायचं कुठे? राज्यभराचं एक कोर्ट नाही. गुन्हा ज्या गावाच्या हद्दीत झाला, त्या गावाचं म्युनिसिपल कोर्ट. स्टेट ट्रूपरनं, म्हणजे राज्याच्या पोलिसानं, गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर थांबवलं तरी तेच. पार्कवे वुडब्रिजमधून जातो, क्लार्कमधून जातो, क्रॅनफर्डमधून जातो. गाडी चालवणाऱ्याला हद्द कुठे बदलली ते दिसतही नाही, आणि कागद हरवला की तो राहत्या गावाच्या कोर्टात फोन करत बसतो. तिथे त्याचं काहीच नसतं. एग्झिटचा नंबर आणि माइलपोस्ट आठवा, ती जागा कुठल्या टाउनशिपमध्ये येते ते नकाशावर बघा आणि त्या कोर्टाच्या क्लार्कला लायसन्स नंबर देऊन विचारा. ऑनलाइन शोधताना गाडी भाड्याची किंवा मित्राची असेल तर नंबर त्या गाडीचा लागतो, तुमच्या गाडीचा नाही. ‘तिकीट सापडत नाही’ म्हणून स्वस्थ बसलेल्यांची इथेच चूक होते. ऑनलाइन सापडत नाही याचा अर्थ रद्द झालं असा होत नाही. कोर्टाची तारीख तुमची वाट बघत नाही.

लायसन्स देणाऱ्या मोटर व्हेइकल कमिशनकडे ते तिकीट शोधूही नका. कोर्टात निकाल लागेपर्यंत किंवा तुम्ही पैसे भरेपर्यंत तिथे पॉइंट चढत नाहीत. तिथे बघायचं असतं ते ड्रायव्हर हिस्ट्री अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. पाच वर्षांचा इतिहास, १५ डॉलर. स्वतःच्याच नावावर काय लिहिलंय ते वाचायला पैसे! ऑनलाइन काढलंत तर फाइल लगेच साठवून ठेवा.

आणि मग पॉइंटांचा गोंधळ. कमिशनचे पॉइंट वेगळे, इन्शुरन्स कंपनी स्वतःच्या हिशेबासाठी लावते ते एलिजिबिलिटी पॉइंट वेगळे. नाव सारखं, हिशेब दोन. कमिशनकडचे कमी झाले म्हणून प्रीमियम आपोआप उतरत नाही, हे एजंटसुद्धा स्पष्ट बोलत नाहीत. त्यात तिसरा हिशेब सरचार्जचा: तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की १५० डॉलर, पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५. वेगाचे ४ आणि केअरलेसचे २ मिळून ६ झाले, १५० डॉलर. आणखी एक स्टॉप साइन मोडला की ८ पॉइंट, २०० डॉलर. कोर्टात भरलेल्या दंडाशी याचा संबंध नाही आणि हे एकदाच भरून सुटत नाही. तीन वर्षांच्या मुदतीत ६ किंवा जास्त पॉइंट आहेत तोवर वर्षाला बिल येतं. १२ पॉइंट झाले की लायसन्स निलंबनाची नोटीस.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारे सल्ले बघून तर डोकं फिरतं. ‘प्रॉसिक्युटरशी (सरकारी वकिलाशी) बोल, अनसेफ ड्रायव्हिंग करून घे, शून्य पॉइंट.’ म्हणजे मूळ गुन्ह्याऐवजी अनसेफ ड्रायव्हिंगचा गुन्हा कबूल करायचा. अर्धं खरं. अनसेफ ड्रायव्हिंगच्या कलमाला, ३९:४-९७.२ला, पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत, पण दंडाच्या वर २५० डॉलर सरचार्ज दर वेळी. आणि पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा घेतलंत तर एकदम ४ पॉइंट. २ पॉइंटांच्या तिकिटासाठी ही संधी उडवायची का, हे आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट समोर ठेवून ठरवा. अंगावर ४ पॉइंट असतील तर कदाचित हो, कारण आणखी २ आले की ६ पॉइंटांचा वार्षिक सरचार्ज सुरू. कोरी पाटी असेल तर २५० कशाला घालवायचे? हे गणित न सांगता सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशांवर उदार होणं.

न्यू यॉर्क शहरातून घरी आलेल्या कॅमेऱ्याच्या ५० डॉलरच्या नोटिशीला घाबरून वकील गाठणारेही आहेत. ती गाडीच्या नंबरवर असते. पॉइंट नाहीत, लायसन्सच्या रेकॉर्डवर नोंद नाही. मुदतीत भरा आणि विसरा. पण पोलिसानं प्रत्यक्ष थांबवून परराज्यात दिलेलं तिकीट तसं नाही. चालत्या गाडीचा गुन्हा असेल तर न्यू जर्सी त्याचे २ पॉइंट लावते.

पॉइंट उतरतात, पण कसे तेही नीट समजून घ्या. शेवटच्या गुन्ह्यापासून वर्षभर एकही गुन्हा नाही आणि निलंबन नाही, तर ३ उतरतात. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की २, तेही पाच वर्षांतून एकदा. कोर्स पूर्ण करताना रेकॉर्डवर पॉइंट चढलेलेच नसतील तर उतरणार काय? तिकीट हातात पडताच घाईनं कोर्स उरकणाऱ्यांची कपात वाया जाते. पॉइंट रेकॉर्डवर दिसू द्या, मग कोर्स करा. आणि पॉइंट उतरले तरी गुन्ह्याची नोंद पुसली जात नाही.

सर्वात जास्त राग येतो तो पत्त्याच्या प्रकरणाचा. नोकरी बदलली, अपार्टमेंट बदललं, सगळीकडे नवा पत्ता दिला आणि कमिशनला कळवायचं राहिलं. कायद्यानं मुदत एक आठवडा. कोर्टाची नोटीस जुन्या दारात पडते, तारीख चुकते, लायसन्स निलंबित होतं आणि माणूस रोज त्याच लायसन्सवर ऑफिसला जातो. पुढच्या वेळी मागचा दिवा बंद म्हणून थांबवलं की निलंबित लायसन्सवर गाडी चालवल्याचा गुन्हा लागतो, कलम ३९:३-४०, पहिल्या वेळी ५०० डॉलर. हे सगळं एका न उघडलेल्या पाकिटापायी. पत्ता कमिशनच्या साइटवर बदलता येतो. आजच बदला, आणि बदलल्यावर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट काढून लायसन्सची स्थिती एकदा डोळ्यांनी बघा.