‘सोनं दोन महिन्यांत उडालं’: एक स्टार देणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

१९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्य ढाक्यात शरण आलं, त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेलं नाणं तुम्ही वडिलांसाठी नेलंत; त्याबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: सोनं दोन महिन्यांत उडालं, सराफाने ‘यात सोनं नाहीच’ म्हणून हातात परत ठेवलं, आणि त्यावर तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ नाहीत.

सराफाचं फारसं चुकलेलं नाही. आत पितळ, त्यावर निकेल आणि वर ०.१ मायक्रॉनचा सोन्याचा मुलामा. ४० मिलिमीटरच्या नाण्यावर, कड धरूनसुद्धा, सोनं भरतं पाच-सहा मिलिग्रॅम. तुमचे १,४५० रुपये गेले ते डाय (छापाचा साचा), छाप आणि डबीला. हे विकतानाच सांगायला हवं होतं; ‘गोल्ड प्लेटेड’ लिहून आम्ही मोकळे झालो.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. पितळ उघडं पडलंय ते नाण्यावरच्या जनरल अरोरांच्या पगडीवर आणि टेबलाच्या कडेला, म्हणजे उठावाच्या जागी. खोलगट भागात मुलामा शाबूत आहे. फोनवर तुम्हीच म्हणालात, बाबा दर रविवारी ब्रासो (पितळ चमकवायचं पॉलिश) लावून पुसतात. ‘जंगी पलटणी’त, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, बक्कल चमकवण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांचा हात गप्प कसा बसेल! पण ब्रासोने धातूचा वरचा पापुद्रा घासला जातो. पितळाला ते चालतं, मुलाम्याला नाही. डबीत सूचना होती, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. तेव्हा चूक आमचीच.

माणेकशॉंचं मात्र ऐकणार नाही. १६ डिसेंबर १९७१ ला ते दिल्लीत होते. ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर पाकिस्तानी जनरल नियाझींच्या शेजारी बसून सही घेतली ती भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी. खपतं म्हणून माणेकशॉंना त्या टेबलाशी बसवायचं, हे आमच्याकडून होणार नाही. बाबांनाच विचारा, त्यांची पलटण त्याच युद्धात जमालपूरच्या लढाईत होती.

आमची खरी चूक तुमच्या नजरेतून सुटली. सोबतच्या कार्डावर शरण आलेल्यांचा आकडा ‘९३,००० सैनिक’ असा छापलाय. त्या आकड्यात निमलष्करी दलाचे लोक होते, नागरिकही होते. पुढच्या छपाईत ‘युद्धकैदी’ असं करतोय.

बदली नाणं उद्या कुरिअरने निघेल, बंद कॅप्सूलमध्ये, मराठी सूचनेसह. जुनं परत पाठवू नका. रविवारी बाबांना पुसायला राहू दे.